सुटले एकदाची!

दहा दिवस मोबाइल नाही. व्हॉट्सअ‍ॅप नाही, ईमेल नाही, टीव्ही नाही, पेपर नाही. पुस्तक नाही, वही-पेनसुद्धा नाही. गाणी नाहीत. गप्पा तर नाहीतच, पण समोरच्याकडे बघून नुसतं हसायलाही बंदी. सकाळी अकराला जेवण झालं की पुन्हा जेवण थेट दुसऱ्या दिवशी अकराला. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. आणि मधल्या वेळात काय करायचं? तर रोज जवळपास साडेदहा तास डोळे मिटून बसायचं!

वाचूनच धडकी भरली ना?

पण बॉस, यासाठी लोक चक्क नंबर लावतात. सुट्ट्या वाचवून ठेवतात, मॅनेजरला पटवतात आणि इगतपुरीला जातात. विपश्यनेला. कुणी डोकं शांत करायला, कुणी ब्रेकअपनंतर, कुणी नुसतंच ‘एकदा करून बघू’ म्हणून. आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असा असतोच, जो तिथून परत येतो आणि दोन आठवडे विचित्र शांत हसत फिरतो. मला त्या हसण्याचा राग यायचा. म्हणजे, एवढं काय सापडलं बाबा तुला?

मग ऑगस्टमध्ये मीच फॉर्म भरला. घरी सांगितल्यावर आई म्हणाली, “दहा दिवस गप्प? तू? दहा मिनिटं राहून दाखव आधी.” मैत्रिणींनी ‘परत येशील ना गं?’ म्हणून सेंडऑफची पार्टीही उकळली.

डोक्यातली केस

प्रत्येकाच्या डोक्यात एक केस चालू असते. बॉसने मीटिंगमध्ये केलेला अपमान, न मिळालेलं प्रमोशन, ‘आपण फक्त फ्रेंड्स राहू या’ असं कुणीतरी कॉफी पिता पिता सांगितलेलं. माझी केस अशी, की दीड वर्षापूर्वी चार महिने खपून केलेली एक स्टोरी दुसऱ्याच व्यक्तीच्या नावाने छापली गेली. कुठे आणि कुणी, ते इथे महत्त्वाचं नाही. फ्रीलान्सरची कमाई म्हणजे नाव. पैसे उशिरा आले तरी चालतात (चालवून घ्यावे लागतात!), पण नाव गेलं की पुढचं काम कशाच्या जोरावर मागायचं?

तेव्हापासून रोज तेच भांडण. लोकलमध्ये, आंघोळ करताना, चहा गाळताना. मी एकदम मुद्देसूद बोलायचे, समोरच्याची बोलती बंद व्हायची, मी केस जिंकायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केस पुन्हा बोर्डावर! सगळे सांगायचे, “सोडून दे ना.” हा सल्ला देणं जगात सगळ्यात सोपं आहे. पण सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हात उघडायचा? कुठला हात? हे कुणीच सांगत नाही. मला फक्त तेवढंच हवं होतं: सोडायची पद्धत.

एक ऑफिसर, एक बिझनेसमन

मेडिटेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुहा, दाढी आणि हिमालय येतो. विपश्यनेची आत्ताची गोष्ट मात्र चक्क एका सरकारी ऑफिसातून सुरू होते.

सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशातले, म्हणजे आजच्या म्यानमारमधले गृहस्थ. अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात साधे क्लार्क म्हणून लागले आणि १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथले पहिले अकाउंटंट जनरल झाले. म्हणजे फायली, ऑडिट, हाताखालची माणसं, सगळं आपल्यासारखंच. त्यांचे स्वतःचे गुरू सया तैजी हे तर शेतकरी होते. ऊ बा खिन यांनी १९५० मध्ये आपल्याच ऑफिसात विपश्यना मंडळ सुरू केलं आणि १९५२ मध्ये रंगूनला ध्यान केंद्र काढलं. ऑफिसात स्टाफसाठी मेडिटेशन हा फंडा कुठल्याही आयटी कंपनीच्या एचआरला सुचायच्या कितीतरी आधीचा आहे!

त्यांच्याकडे १९५५ मध्ये एक तरुण बिझनेसमन आला. सत्यनारायण गोयंका. १९२४ मध्ये मंडालेला जन्मलेला, राजस्थानी कुटुंबातला, भरपूर पैसा आणि त्याहून भरपूर मायग्रेन. दुखणं इतकं, की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातले डॉक्टरही करून झाले होते. ऊ बा खिन यांनी त्याला सुरुवातीला चक्क नकार दिला. डोकेदुखी घालवायला येत असशील तर येऊ नकोस, मन स्वच्छ करायचं असेल तर ये, अशी त्यांची अट. गोयंका गेले. पुढे चौदा वर्षं गुरूंपाशी शिकले आणि आई आजारी म्हणून १९६९ मध्ये भारतात आले. त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर झालं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, त्यात त्यांचे आईवडील. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ मध्ये सुरू झालं. आज जगभरात या परंपरेची दोनशेहून जास्त केंद्रं आहेत.

आपल्याकडे बौद्ध धम्म म्हटलं की १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची दीक्षाभूमी आणि बाबासाहेब आठवतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या शिबिरात बसणारी कितीतरी माणसं हे आपल्या घरचं म्हणून येतात. बाकीच्यांना मात्र ‘धर्म बदलावा लागतो का?’ अशी शंका असते. तसं काही नाही. पाच शीलं पाळायची, दहा दिवसांपुरते आपापले जपजाप, गंडेदोरे बाजूला ठेवायचे आणि सांगितलं तसं करून बघायचं.

आधी नाक!

कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली तेव्हा धुक्यात समोरचा प्लॅटफॉर्मही दिसत नव्हता. एरवी आपल्यासाठी इगतपुरी म्हणजे पावसाळी वीकेंड आणि गरम वडापाव. इथे गेटमधून आत गेलं की मोबाइल जमा करायचा, पावती घ्यायची. बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. संध्याकाळपासून ‘आर्य मौन’ सुरू. रूममध्ये माझ्यासोबत एक पन्नाशीच्या काकू होत्या. आम्ही एकमेकींचं नावही विचारलं नाही.

शिकवतं कोण? गोयंका गुरुजी २०१३ मध्ये गेले, पण सूचना आजही त्यांच्याच आवाजात येतात, रेकॉर्डिंगवर. खर्जातला, सावकाश, एकेक शब्द ओढत बोलणारा आवाज. समोर सहायक आचार्य बसलेले असतात, त्यांना ठरलेल्या वेळी शंका विचारता येतात.

पहिले तीन दिवस काम एकच: नाक. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच जाणायचं. याला आनापान म्हणतात. श्वास मुद्दाम दीर्घ करायचा नाही, मोजायचा नाही, सोबत मंत्रही म्हणायचा नाही. ऐकायला किती सोपं! मी दोन श्वास बघितले आणि तिसऱ्याला थेट २०११ मधल्या एका लग्नातल्या पंगतीत पोचले. परत आले. पुन्हा दोन श्वास, मग घरभाडं. पुन्हा दोन श्वास, मग अर्थातच… माझी केस.

पहिला दिवस उत्सुकतेत गेला. दुसऱ्या दिवशी पाठीने बंड केलं. बायका तीन-तीन उशा घेऊन किल्ले बांधत होत्या. संध्याकाळी पाचला चहा, कुरमुरे आणि एक केळं. त्या केळ्याची मी इतक्या आतुरतेने वाट बघितली, की कुठल्याही सेलची बघितली नसेल! तिसऱ्या दिवशी मात्र एक गंमत झाली. नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर, एवढ्याशा जागेत काहीतरी झुळझुळतंय हे स्पष्ट कळायला लागलं. एरवी तिथे काही होतं हे कधी कळलंच नव्हतं.

आता हलायचं नाही

चौथ्या दिवशी खरी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं आणि शरीराच्या प्रत्येक भागात जे जाणवेल ते बघायचं. खाज, ऊब, मुंग्या, जडपणा, दुखणं, काहीही. बघायचं आणि पुढे जायचं. त्याच दिवसापासून दिवसातून तीनदा एकेक तासाची ‘अधिष्ठाना’ची बैठक. या तासात डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, मांडी बदलायची नाही.

पहिल्या अधिष्ठानात चाळिसाव्या मिनिटाला माझा उजवा गुडघा पेटला. (मिनिटं अंदाजे. भोगणाऱ्याला कळतात!) वाटलं, गुडघा आता मोडणारच. मग सूचना आठवली: दुखणं कुठे सुरू होतं, कुठे संपतं, सगळीकडे सारखं आहे का, ते बघा. बघितलं. आणि बघता बघता तो एक मोठा दगड राहिलाच नाही. त्यात टोचणं होतं, ठसठसणं होतं, गरम लाटा होत्या, आणि प्रत्येक गोष्ट कमीजास्त होत होती. दुखणं तेवढंच होतं. पण ‘अगं बाई, आता काय होणार’ हा जो वरचा आरडाओरडा होता, तो थांबल्यावर निम्मं ओझं उतरलं.

रात्रीच्या प्रवचनात याचाच हिशेब उलगडून सांगतात. आपल्याला वाटतं, आपण माणसांवर चिडतो, शब्दांवर चिडतो. खरं तर कुणी काही बोललं की आधी शरीरात काहीतरी होतं: कान तापतात, घशात आवळतं, पोटात गोळा येतो. ते आवडलं तर मन म्हणतं ‘अजून पाहिजे’, नाही आवडलं तर म्हणतं ‘नको’. ही जी आतली ओढाताण, तिची इतकी सवय लागते की आपल्याला ती दिसतही नाही. विपश्यना मधला तो सांधा पकडायला शिकवते. होतंय ते होऊ दे. ओढू नकोस, ढकलूही नकोस. सगळं बदलतं. पाली भाषेत याला अनिच्च म्हणतात, आपल्याकडचं अनित्य.

म्हणजे सोडायचं ते हे होतं! माणूस नाही, आठवण नाही, हक्कही नाही. सोडायचा तो आतला हिसका.

सुखाचाही बंदोबस्त

सहाव्या दिवशी सकाळी काहीतरी भलतंच सुंदर झालं. डोक्यापासून पायापर्यंत झुळझुळ, जणू अंगावरून पाण्याची बारीक धार वाहतेय. दुखणं गायब. तास कधी संपला कळलंच नाही. मनात म्हटलं, हेच ते! याच्यासाठीच लोक येतात. जमलं आपल्याला.

सातव्या दिवशी मी तयारीतच बसले. आता येईल ती धार. मग येईल. अजून पाच मिनिटांत येईल. कसलं काय! पाठ लाकडासारखी, गुडघा पुन्हा पेटलेला आणि मन रुसलेलं. दिवसभर मी त्या धारेच्या मागे धावले आणि संध्याकाळी इतकी वैतागले, की पहिल्या दिवशीही तेवढी वैतागले नव्हते.

दुपारच्या वेळात आचार्यबाईंना विचारलं, “कालचं ते परत कसं आणायचं?”

त्या हसल्या. हा प्रश्न त्यांनी बहुतेक हजारदा ऐकला असणार. म्हणाल्या, “दुखणं सोडायला सगळेच तयार असतात. तेही सोडा.”

एवढंच. घंटा झाली आणि मी उठले.

ते वाक्य माझ्या डोक्यात रात्रभर फिरत होतं. दुःख सोडावं हे कुणालाही पटेल. पण सुख? आपलं सगळं शहरी आयुष्य तर ‘अजून एकदा’वरच उभं आहे! अजून एक एपिसोड, अजून एक लाइक, अजून एक इन्क्रिमेंट. आणि माझी केस? त्यातही एक गोड भाग होताच की. मी जिंकायचे ना रोज! चिडण्यात एक सॉलिड मजा असते, आपण शंभर टक्के बरोबर असल्याची. ती मजा मला पुन्हा पुन्हा त्या भांडणाकडे नेत होती. राग सुटत नव्हता, कारण त्याची चव हवीशी होती.

आठवा दिवस

आठव्या दिवशी जेवणानंतर मी बागेतल्या वाटेवर फेऱ्या मारत होते. पाऊस नुकताच थांबला होता. लांब घाटात गाडीचा भोंगा वाजला. आणि अगदी वेळेवर केस सुरू झाली. पहिलं वाक्य तयारच होतं.

पण या वेळी शब्दांच्या आधी घसा कळला. आवळलेला. मग कान, गरम. मग छातीत काहीतरी घट्ट. मी चालत राहिले आणि फक्त ते बघत राहिले, गुडघा बघितला तसं. भांडणात घुसले नाही, भांडणाला हाकललंही नाही. दोन-तीन मिनिटं ते सगळं चढलं, थोडा वेळ थांबलं आणि उतरलं. घसा मोकळा झाला. दुसरं वाक्य आलंच नाही.

दीड वर्षांत पहिल्यांदा ती केस निकाल न लागता संपली होती.

त्यानंतर जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. धार वगैरे काही नव्हती. कळसूबाई उतरून बारीत आल्यावर खांद्यावरची सॅक खाली ठेवतो ना, तेव्हा दोन पावलं आपण जवळजवळ उडतो, तसं. वाटेवर एक गोगलगाय चालली होती. मी तिच्याकडे उभी राहून बघत बसले आणि मला हसू आवरेना. हसायला बंदी होती, पण गोगलगायीकडे बघून हसू नये असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं.

“अगं, तू झोपेत बोलतेस!”

दहाव्या दिवशी मैत्री-भावना शिकवतात. आपल्याला जे मिळालं ते सगळ्यांना मिळो, असं मनापासून म्हणायचं. ज्याच्यावर राग आहे त्यालाही. मी म्हणून बघितलं. तोंड वाकडं न करता म्हणता आलं, एवढं सांगते.

मग मौन सुटलं आणि बायकांच्या बाजूला जो काही कलकलाट झाला! हिंजवडीतली एक टेस्टर, नाशिकची एक नर्स, नंदुरबारची शाळामास्तरीण. दहा दिवस मुक्या असलेल्या सगळ्या एकदम बोलत होत्या. माझ्या रूममेट काकू अकोल्याच्या निघाल्या, बँकेतून नुकत्याच रिटायर झालेल्या.

त्यांनी पहिलंच वाक्य काय टाकावं? “अगं पोरी, तू झोपेत बोलतेस, माहीत आहे का तुला?”

मी खलास. “काय बोलते?”

“भांडतेस कुणाशी तरी. ‘माझं नाव कुठंय, माझं नाव कुठंय.’ पहिल्या रात्री तर मी घाबरूनच उठले. म्हटलं, हिला उठवू का? पण बोलायचं नाही ना.” मग जरा थांबून म्हणाल्या, “गेल्या दोन रात्री मात्र गाढ झोपलीस हो.”

मी त्यांना गोष्ट सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं ते मला थांबवताही आलं नाही, आणि काकूंनीही काही विचारलं नाही. नुसता पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर

आता तुमचा प्रश्न: मग केस कायमची बंद झाली? नाही. परत आल्यावर पाचव्याच दिवशी, दादरच्या ब्रिजवर, पुन्हा सुरू झाली. फरक इतकाच, की आता घसा आवळला की मला कळतं. कधी दोन मिनिटांत उतरते, कधी अख्खी सकाळ खाते. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. माझा सकाळचा एक तास होतो, तोही रोज नाही.

आणि सोडून देणं म्हणजे गप्प बसणं का? अजिबात नाही. आल्यावर मी त्या ठिकाणी चार ओळींची मेल पाठवली. स्टोरी माझी आहे, हे पुरावे, वेबसाइटवरच्या प्रतीला माझं नाव लावावं. या आधी अशा मेलचे अकरा ड्राफ्ट माझ्याकडे पडून होते, एकेक दीड-दीड पानी, आणि एकही पाठवण्याच्या लायकीचा नव्हता. ही मेल सात मिनिटांत लिहून झाली. उत्तर अजून आलेलं नाही. पहिल्या दिवशी मी इनबॉक्स शंभरदा रिफ्रेश केला. दुसऱ्या दिवशी विसरले. आठवण करून देणारी मेल पुढच्या सोमवारी जाईल, पण तोपर्यंत चहा गाळताना मी चहाच गाळतेय.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. हे स्पा नव्हे आणि मानसोपचारही नव्हे. इतके तास स्वतःसोबत बसलं की आतलं बरंच काही वर येतं, आणि प्रत्येकाला ते प्रत्येक वेळी झेपेल असं नाही. डिप्रेशन किंवा दुसऱ्या कुठल्या मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि फॉर्ममध्ये काहीही लपवू नका. ही माहिती विचारतात ती आपल्याच भल्यासाठी. थांबा असं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका.

जायचंय?

• अर्ज धम्म डॉट ऑर्ग या वेबसाइटवर ऑनलाइन करता येतो. जागा भराभर भरतात, तेव्हा तारखा लवकर बघा.

• शिबिर दहा दिवसांचं, पण आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं. रजा तशी टाका. अर्धवट सोडून जायचं नाही, हे आधीच कबूल करावं लागतं.

• फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं जुन्या साधकांच्या दानावर चालतं. तुम्हालाही द्यावंसं वाटलं तर शिबिर पूर्ण झाल्यावरच देता येतं.

• इगतपुरीला जमत नसेल तर पुण्यात आणि नवी मुंबईतही केंद्रं आहेत. आधी नुसतं वातावरण बघायचं असेल तर गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोड्यात जा. २००९ मध्ये उघडलेल्या या पॅगोड्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात.

• सैल कपडे, छत्री, बॅटरी आणि पावसाळ्यात जात असाल तर एक जास्तीचा टॉवेल न्या. डोक्यातली केस न्यायची आठवण करायची गरज नाही. ती आपणहून सोबत येते!